कोचनी मला बसवला

माझी मुलगी एडिनबराला असते. विम्याच्या एका कंपनीत नोकरी करते आणि शनिवार-रविवार फ्लॅग फुटबॉल खेळते. पहिली दोन वर्षं मी लोकांना फक्त नोकरीचं सांगायचे. खेळाचं नाव काढलं की समोरचा विचारणार, फुटबॉल म्हणजे पायानं खेळतात तो ना? मग नाही म्हणा, हातानं खेळतात म्हणा, अमेरिकन आहे पण हेल्मेट घालून एकमेकांवर आदळतात तसला नाही म्हणा. माझ्या सासूबाईंनी मात्र एका वाक्यात निकाल लावला होता. "सोवळ्यातला फुटबॉल आहे," त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. "अंगाला हात लावायचा नाही, कमरेला पट्टी लोंबत असते ती ओढली की झालं." त्यांच्याइतकं सोपं करून मला अजून सांगता येत नाही.

सासूबाई नाशिकच्या एका शाळेत तीस वर्षं मराठी शिकवत होत्या. सासरे गेल्यावर त्या लंडनच्या स्टॅनमोरला आमच्याकडे आल्या, त्याला आता अकरा वर्षं झाली. नातीचं मराठी हे त्यांचं कायमचं दुखणं. मुलगी बोलते भरपूर, पण तिच्या मराठीत खुर्ची 'तो' असते आणि फ्रिज 'ती' असते. लहानपणी शाळेच्या फाटकात मला बघून ती "माझा आई आला" असं ओरडायची. मी हे फोनवर सांगितलं की सासूबाई तिकडे नाशिकमध्ये कपाळाला हात लावायच्या. बरं, लिंगाचं जाऊ द्या. तिच्या मनात वाक्य इंग्रजीत येतं आणि ती ते उचलून जसंच्या तसं मराठीत ठेवते. सर्दी झाली की "मी सर्दी पकडला" म्हणते. आम्हाला सगळ्यांना याची सवय आहे, निदान आहे असं वाटत होतं.

या खेळात पाच जणींच्या टीममध्ये एक क्वार्टरबॅक असते. चेंडू आधी तिच्या हातात येतो आणि सात सेकंदांत तिला ठरवावं लागतं की तो कुणाकडे फेकायचा. पंगतीत वाढणाऱ्या बाईसारखं काम आहे. कुणाचं पान रिकामं आहे, कुणाच्या शेजारी कोण बसलंय, सगळं एका नजरेत दिसायला लागतं. चार वर्षं माझी मुलगी या टीमची वाढपीण होती. दुसरी एक राखीव असते, ती काठावर उभी राहते. पहिलीला काही झालं तरच तिला आत बोलावतात.

जूनमध्ये पहिलीला झालं. एका टूर्नामेंटला माझ्या मुलीचा घोटा मुरगळला आणि राखीव मुलगी आत गेली. एकोणीस वर्षांची, युनिव्हर्सिटीत शिकणारी, मार्चमध्ये टीममध्ये आलेली. तिनं उरलेल्या अर्ध्या तासात चेंडू असे काही वाटले की तीन टचडाउन झाले, म्हणजे चेंडू तीनदा पलीकडच्या टोकाला पोचला, आणि हरत आलेली मॅच टीमनं जिंकली. माझ्या मुलीचा घोटा तीन आठवड्यांत बरा झाला. पण कोच एका मॅचला हिला खेळवायला लागली, एका मॅचला तिला, आणि सप्टेंबरच्या शेवटच्या टूर्नामेंटला सुरुवात कोण करणार ते काही सांगेना.

हा वाद एडिनबराला जेवढा झाला नसेल तेवढा आमच्या जेवणाच्या टेबलावर झाला. नवरा क्रिकेटवाला. त्याचं म्हणणं, फॉर्म बघायचा, नाव बघायचं नाही. मी म्हणायचे, अरे, जिनं चार वर्षं ही टीम उभी केली, स्कॉटलंडच्या थंडीत पहाटे जाऊन मैदानात आखणीचे प्लास्टिकचे कोन मांडले, तिला एका घोट्यापायी बाजूला करायचं?

"कोन मांडल्याबद्दल आभार मानतात," नवरा म्हणाला. "क्वार्टरबॅक नाही करत."

"नव्याचे नऊ दिवस," सासूबाई म्हणाल्या.

"आई, नऊ आठवडे होत आले."

"मग दहाव्यात बघ."

मी चिडून पोळ्यांचा डबा आपटला तर नवरा हसून म्हणाला, "आपला तो बाब्या." मला राग आला, पण तो खोटं बोलत होता म्हणून नाही.

माझा स्वभाव काळजीचा आहे आणि देवानं धंदाही तसाच दिला. मी भूलतज्ज्ञ. झोपलेल्या माणसाच्या उशाशी बसून आता काय काय बिघडू शकेल याचा विचार करायचा पगार मला इथलं हॉस्पिटल सव्वीस वर्षं देतंय. घरी तेच मी फुकट करते. त्या उन्हाळ्यात माझी झोप उडाली होती ती एका खेळापायी, हे मला मैत्रिणींना सांगायचीही लाज वाटायची. पण मला माहीत होतं ते त्यांना कुठं माहीत होतं? मुलगी एडिनबराला गेली तेव्हा पहिलं वर्षभर तिला तिथं कुणी नव्हतं. रोज संध्याकाळी फोन, रोज तोच पडलेला आवाज. मग ती या टीममध्ये गेली आणि फोन कमी झाले, आवाज उघडला. तिच्याकडून ते क्वार्टरबॅकपण काढून घेतलं तर तो पहिल्या वर्षीचा आवाज परत येईल, ही माझी खरी भीती. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, त्यातली गत.

ऑगस्टमध्ये मी चार दिवस एकटीच तिच्याकडे गेले आणि शनिवारी सरावाला तिच्याबरोबर मैदानावर गेले. गवत ओलं होतं, वारा होता, मी घडीच्या खुर्चीत शाल गुंडाळून बसले. कोच आलटून पालटून दोघींना खेळवत होती. मला या खेळातलं फार कळत नाही, पण बघायचं कसं ते कळतं. माणसाच्या अंगातलं बारीकसं काही बदललं की ते मला मॉनिटरच्या आधी दिसतं. आणि मला दिसलं. माझी मुलगी चेंडू हातात आला की आधी उजवीकडे बघायची, तिच्या जुन्या मैत्रिणीकडे, दर वेळी. मग डावीकडे. तोवर उशीर झालेला असायचा. आणि दुखऱ्या पायावर भार द्यायच्या आधी ती क्षणभर थबकत होती. ती नवी मुलगी कुठे बघते ते कळायच्या आत चेंडू तिच्या हातातून गेलेला असायचा आणि जिच्याकडे जायला हवा तिच्याकडेच गेलेला असायचा.

मी तासभर ते बघत होते.

संध्याकाळी फ्लॅटवर तिनं माझ्यासाठी वरणभात केला. कुकर माझाच जुना. ताटं घेताना माझ्याकडे पाठ करून तिनं विचारलं, "आई, तुला काय वाटला? ऑनेस्टली. तू कोच असती तर कोणाला खेळवला असता?"

"तुलाच गं," मी म्हणाले. "त्यात काय विचारायचं?"

ती वळली. माझ्याकडे बघितलं. "ओके," म्हणाली, आणि लोणच्याची बाटली शोधायला लागली. तिचं ते ओके मला आवडलं नाही. दुसऱ्या दिवशी परतीच्या ट्रेनमध्ये मी स्वतःला समजावत बसले की आईनं याहून वेगळं काय म्हणायचं असतं. यॉर्क येईपर्यंत मला ते जवळजवळ पटलं होतं.

त्या वर्षी आमच्याकडे गणपती बुधवारी बसले. पाच दिवसांचा असतो. शाडूची छोटी मूर्ती, दिवाणखान्यात टीव्ही हलवून त्या जागी मखर. मी त्या दिवशी रजा घेतली होती, नवरा घरूनच काम करत होता, म्हणजे लॅपटॉप उघडा ठेवून चौरंग पुसत होता. दुपारी सव्वाच्या सुमारास प्राणप्रतिष्ठा झाली, आरती झाली, आणि मी मोदकांचं पातेलं उतरवते आहे तोच घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टिंग वाजलं. त्या ग्रुपवर आम्ही चौघंच. फोन सासूबाईंच्या हाताशी होता. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं नातीचं मराठी त्यांनी चष्मा सावरून मोठ्यानं वाचलं.

"आई कोचनी मला बसवला. फोन कर ना."

मग सासूबाईंनी गणपतीकडे बघून दोन्ही हात जोडले. "बसवली! आजच्या दिवशी बसवली बघ पोरीला. आता कोण उठवतंय?" त्यांच्या दृष्टीनं अर्थ उघड होता. नुकताच आम्ही देव बसवला होता. बसवणं म्हणजे मानानं जागेवर स्थापन करणं, कायम करणं. "बसवलं म्हण गं बाळा," असं फोनच्या काचेला सांगत त्यांनी अंगठ्याचं चित्र पाठवलं आणि एक जादा मोदक नैवेद्याच्या ताटात ठेवला.

नवऱ्याचा चेहरा पडला होता. तो मला स्वयंपाकघरात घेऊन आला आणि हळू आवाजात म्हणाला, "आईला काही सांगू नकोस. बसवला म्हणजे टीममधून बसवला. बाकावर. आम्ही क्लबमध्ये असंच म्हणायचो, अमक्याला या मॅचला बसवला." त्यानं तिथल्या तिथं मुलीला मेसेज टाकला, होतं असं, मोठमोठ्या खेळाडूंना बसवतात, मान वर ठेव.

आणि मी? मला दोन्ही पटेनात. मला दिसत होतं की तिचा घोटा परत गेलाय आणि कोचनं तिला धरून खाली बसवलंय. कुणीतरी बर्फ आणायला धावतंय. मी हातातलं पातेलं ओट्यावर ठेवायचं विसरले, बोटं भाजली तेव्हा कळलं.

एका शब्दाचे तिघांनी तीन अर्थ घेतले आणि तिघंही आपापल्या अर्थावर ठाम. त्या वाक्याच्या पुढं आणखी एक वाक्य होतं, त्याला मात्र एकच अर्थ होता. फोन कर ना. तो मेसेज मला होता, आईला. मी फोन हातात घेतला. मग मनात आलं, घोटा असेल तर काय विचारायचं, आणि बाकावर बसवलं असेल तर काय बोलायचं, ते आधी ठरवू. तेवढ्यात नैवेद्य. मग जेवणं. मग चार वाजल्यापासून दर्शनाला माणसं. हॅरोची मंडळी, हॉस्पिटलमधली दोन कुटुंबं, शेजारच्या गुजराती आजी. मी सगळ्यांना चहा दिला, खिरापत दिली, आणि मधूनमधून पदराखाली फोन बघत राहिले.

पाहुणे हे निमित्त होतं. आज ते लिहायला हरकत नाही. मला भीती वाटत होती की मी फोन केला की ती मला पुन्हा तोच प्रश्न विचारेल.

इकडे सासूबाई येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होत्या की आमच्या नातीला टीमनं कायम केलं. लोकही उत्साही. आमच्यातल्या एका डॉक्टरीणबाईंनी तिथंच बसून मुलीला अभिनंदनाचा मेसेज पाठवला, त्यांच्या नवऱ्यानं पुष्पगुच्छाचं चित्र. मी काय सांगणार, की अहो थांबा, आमच्या घरात अजून अर्थ लागायचाय? साडेपाचच्या सुमारास मुलीचा ग्रुपवर मेसेज आला. नुसती दोन प्रश्नचिन्हं.

पावणेसातला गर्दी ओसरली तेव्हा मी वरच्या खोलीत जाऊन फोन लावला. वाजत राहिला. परत लावला. तिसऱ्यांदा लावायच्या आत तिचा मेसेज आला, "इट्स ओके आई. झाला." काय झालं? मी विचारलं. "शनिवारी भेटू," तिनं लिहिलं. आणि घोटा? "घोटा फाइन आहे. का?"

गुरुवार आणि शुक्रवार मी कसे काढले ते माझं मला माहीत. शुक्रवारी थिएटरमध्ये ऑपरेशनची लिस्ट मोठी होती. कामात माझा हात हलत नाही, पण दोन केसेसच्या मध्ये हात धुताना मी त्या 'झाला'चा विचार करत होते. झाला काय, निर्णय झाला? वाद झाला? खेळ संपला? पहिल्या वर्षीचा तो आवाज माझ्या कानात परत यायला लागला होता. घरी सासूबाई मात्र खुशीत. गणपतीसमोर बसून आपल्या बहिणीला फोनवर सांगत होत्या, "हो ना, बसवली तिला, चतुर्थीच्याच मुहूर्तावर." नवरा माझ्याकडे बघायचा आणि मान हलवायचा.

टूर्नामेंट शनिवारी मिडलंड्समधल्या एका मैदानावर होती. गणपती असताना घर रिकामं ठेवायचं नाही म्हणून सासूबाई दिवा सांभाळायला राहिल्या. आम्ही दोघं सकाळी एम-वन हायवेनं निघालो. टूर्नामेंट झाली की मुलीला गाडीत घालून घरी आणायचं आणि रविवारी विसर्जन करायचं असा बेत होता. वाटेत नवरा म्हणाला, तोंड वाकडं करू नकोस हं तिच्यासमोर. मी म्हणाले, तू गाडी चालव.

आम्ही पोचलो तेव्हा पहिली मॅच सुरू होत होती. पाच मुली आत धावल्या. चेंडू त्या नव्या मुलीच्या हातात गेला.

"बघ," नवरा म्हणाला. त्याच्या आवाजात जिंकल्याचं काही नव्हतं, बिचाऱ्याचे डोळे भरले होते.

मी मुलीला शोधत होते. बाकावर नव्हती. ती रेषेवर उभी होती, अगदी बोटं रेषेला लावून, आणि ओरडत होती. डावीकडे, डावीकडे बघ! दोन चेंडूंच्या मधल्या वेळात ती नवी मुलगी धावत तिच्याकडे यायची, दोघी डोकं डोक्याला लावून काहीतरी बोलायच्या, आणि ती परत जायची. एक टचडाउन झाला तेव्हा माझी मुलगी दोन्ही पायांवर उड्या मारत होती. मी घोट्याकडे बघितलं. घोटा ठीक होता.

मॅच संपल्यावर कोच आमच्याकडे आली. पन्नाशीची बाई, शाळेत खेळ शिकवते, हातात थर्मास. इंग्रजीत म्हणाली, तुम्हाला तिचा अभिमान वाटत असेल. मी कसनुसं हसले. मग ती म्हणाली, बुधवारी जेवणाच्या सुट्टीत मी तिच्या ऑफिसपाशी गेले होते. "आय सॅट हर डाउन."

सॅट हर डाउन. समोर बसवून घेतलं. निवांत बोलण्यासाठी.

कोचनी मला बसवला.

मी तिथंच, ओल्या गवतात उभी राहून ते वाक्य मनात पुन्हा वाचलं. सर्दी पकडणारी माझी मुलगी. पंचवीस वर्षं तिचं मराठी मी कानांनी ऐकत आले होते, आणि आम्हा तिघांपैकी एकालाही ते सुचलं नव्हतं.

कोच पुढं बोलत होती. मी तिला सांगितलं की माझा निर्णय होत नाहीये, म्हणाली. टीम तिची आहे, चार वर्षं तिनं सांभाळली आहे. म्हणून मी तिलाच विचारलं, तू माझ्या जागी असतीस तर सुरुवातीला कुणाला खेळवलं असतंस? तू म्हणशील तसं करीन. तिनं माझ्याकडे सहा वाजेपर्यंत वेळ मागितला. म्हणाली, मला आधी आईशी बोलायचंय.

कोच हसली. "तुम्ही तिला जे काही सांगितलंत," ती म्हणाली, "ते अगदी बरोबर सांगितलंत."

मी त्या बाईला खरं सांगितलं नाही. हो हो म्हणाले आणि चहाला नको म्हणाले.

त्या दिवशी टीम तीन मॅच खेळली, दोन जिंकली आणि शेवटची हरली. शेवटच्या मिनिटाला नव्या मुलीनं फेकलेला चेंडू समोरच्या टीममधल्या मुलीनं अलगद झेलला. त्या क्षणी मला आनंद झाला. अगदी थोडा, पण झाला. आपल्यात किती वाईटपणा असतो तो असा अचानक वर येतो. मग मी बघितलं, माझी मुलगी आत धावत गेली होती आणि त्या रडणाऱ्या पोरीला कवेत घेऊन उभी होती, आणि तो आनंद मला कुठं लपवू असं झालं.

घरी येताना गाडीत नवराच बोलत होता. मुलगी मागच्या सीटवर झोपली, किंवा डोळे मिटून बसली. मला दर दहा मैलांनी वाटायचं, आता बोलावं. नाही बोलले.

रविवारी सकाळी उत्तरपूजा. सासूबाईंचा मान असतो, पण त्या दिवशी त्यांनी नातीला पाटावर बसवलं. आरती झाली, अक्षता वाहिल्या. मग मूर्ती जागेवरून किंचित हलवायची असते. तेवढं हलवलं की देव निघाले असं समजायचं, मग ती माती, मग बागेत बादलीत विसर्जन.

"हलव गं," सासूबाई म्हणाल्या. "बोटभर. जोर नको लावूस."

तिनं दोन्ही हातांनी मूर्ती धरली आणि बोटभर हलवली. सासूबाईंनी नमस्कार केला आणि गूळखोबऱ्याचा प्रसाद आणायला स्वयंपाकघरात गेल्या. नवरा बागेत बादली भरत होता. आम्ही दोघीच उरलो. ती अजून पाटावर होती, हात मूर्तीला लागलेले.

"तिला," मी म्हणाले.

"काय?"

"तू ऑगस्टमध्ये विचारलं होतंस ना, मी कुणाला खेळवलं असतं. तिला. मला त्याच दिवशी मैदानावर दिसलं होतं."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. "मला माहीत होता, आई," ती म्हणाली. "तू 'तुलाच' म्हणाली तेव्हा तू माझ्याकडे बघितला नाही. मी प्लेट्स घेऊन वळली तेव्हा तू कुकरकडे बघत होती."

"मग बुधवारी मला कशाला विचारणार होतीस?"

"विचारणार नव्हती. डिसाइड मी कोचसमोरच केला होता. मला फक्त कोणाला तरी सांगायचा होता, आधी. तू पूजेत असशील म्हणून मी फोन नाही केला, मेसेज केला. मग आजीनी थम्स अप पाठवला. मग बाबाचा चिन अप. मग त्या आंटीचा काँग्रॅट्स." ती हसली, पण हसता हसता तिचा आवाज गेला. "तू फोन केला असता तरी मी रडली असती. पण तुझ्याबरोबर रडली असती. मी ट्रेनिंगच्या कार पार्कमध्ये रडली, एकटी."

मी तिच्याजवळ खाली बसले आणि तिला धरलं. सासूबाई वाटी घेऊन दारात आल्या. आमच्याकडे बघितलं आणि त्यांना वाटलं की देव निघाले म्हणून आम्ही रडतोय. "अगं, पुढच्या वर्षी येणारच आहेत," म्हणाल्या, आणि दोघींच्या हातावर प्रसाद ठेवला. नातीनं तो तोंडात टाकला आणि म्हणाली, "आजी, मला बसवला नव्हता हं. मी उठली."

"उठले म्हणावं," सासूबाई म्हणाल्या.

या मोसमात ती पुन्हा खेळते आहे, बाहेरच्या बाजूनं धावत जाऊन चेंडू झेलणाऱ्यांत. नव्या मुलीनं फेकलेला. सासूबाईंना यातलं किती कळलं मला माहीत नाही. बहिणीला त्या अजून सांगतात की नातीला चतुर्थीला बसवली होती.

मी मात्र एक सवय मोडली. आता तिचा मेसेज आला की मी अर्थ लावत नाही, आधी फोन लावते. मागच्या आठवड्यात दोन केसेसच्या मध्ये मेसेज आला, "आई मी पडला." मी थिएटरच्या बाहेर कॉरिडॉरमध्ये टोपीसकट उभी राहून फोन लावला. सायकलवरून पडली होती. गुडघा खरचटला होता, बाकी काही नाही. तिला फक्त सांगायचं होतं.